अकरा वेळा पहिल्यांदा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय ज्येष्ठ पास्टर अडेटोये. व्यासपीठावरचे सर्व सन्माननीय पाळक. स्वागत विभागाचे तरुण प्रमुख पास्टर दामी. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती ममा एबुन. गायकवृंदातल्या भगिनी, आणि त्यांत दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथी बसलेली माझी पत्नी मोरेनिके. पांढरे हातमोजे घालून दारांत उभे असलेले स्वयंसेवक. आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसलेले, आमच्या छोट्या अँग्लिकन चर्चचे रेव्हरंड ओशिनोवो, जे मी इथं काय बोलतो यावर लक्ष ठेवायला स्वतः गाडी चालवत आले आहेत. माझं वय सत्तरीला टेकलं नसतं तर आपल्या रीतीनं जमिनीला छाती लावून तुम्हा सगळ्यांना नमस्कार केला असता. गुडघ्यांची परवानगी नाही. तेव्हा तो केला असं समजून घ्या.

मी लान्रे ओडुन्लामी. निवृत्त भूमापक. पस्तीस वर्षं या लेगॉस शहराच्या जमिनी मोजल्या. आता तुम्ही म्हणाल, अपार कृपा चर्चच्या निरोप समारंभात या अँग्लिकन म्हाताऱ्याला कोणी उभं केलं? हाच प्रश्न पास्टर दामींनीही विचारला होता. ममा म्हणाल्या, "माझ्याबद्दल माझा नवागत बोलेल. दुसरा कोणी बोलणार असेल तर मी येत नाही." ममांशी वाद घालून जिंकलेला माणूस या सभागृहात असेल तर त्यानं हात वर करावा.

बघा, एकही हात नाही.

तर नवागत म्हणजे मी. तुम्हा सर्वांना इथली पद्धत ठाऊक आहे. उपासनेच्या मध्यावर पास्टर म्हणतात, "आज आपल्याकडे पहिल्यांदा आलेल्यांनी उभं राहावं." मग ते बिचारे उभे राहतात, चाळीस हजार माणसं त्यांच्याकडे बघून गाणं म्हणतात, शेजारचे हात हलवून हलवून खांदा निखळवतात, आणि पांढरे हातमोजेवाले त्यांना स्वागत मंडपात नेतात. तिथं टोमॅटोचा लाल, तिखट जोलोफ भात, कोंबडीची तंगडी, बिनदारूच्या माल्टची थंड बाटली, चर्चचं नाव छापलेला एक मग, आणि भरायला एक कार्ड. नाव, पत्ता, फोन, कोणी आणलं, आणि शेवटी, सभासद होण्याची इच्छा आहे का?

हे कार्ड मी अकरा वेळा भरलं आहे.

हसू नका, अध्यक्षमहाराज. पहिल्या वेळी मी खरोखरच पहिल्यांदा आलो होतो. मोरेनिके तीन वर्षांपासून इथं येत होती. मी मात्र दर रविवारी सकाळी तिला बसथांब्यावर सोडायचो आणि गाडी उलटी वळवून माझ्या चर्चला जायचो. एका घरातली दोन माणसं, एकच देव, आणि गाडीचं तोंड दोन दिशांना. गायकवृंदाच्या वार्षिक दिवशी तिला एकटीनं गायचं होतं, म्हणून आलो. आल्या आल्या, जुनी सवय, सभागृह पावलांनी मोजलं. लांबी चारशे बारा पावलं. मनात म्हटलं, हे चर्च नाही, हा विमानतळ आहे.

त्या भाताबद्दल मात्र माझं मत पहिल्याच घासाला चांगलं झालं. पुढच्या वर्षी मोरेनिके पुन्हा गायली, मी पुन्हा आलो, आणि पास्टरांनी विचारल्यावर पुन्हा उभा राहिलो. तिनं गायकवृंदातून डोळे वटारले. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, तुम्हाला लाज नाही का? गेल्या वर्षी उभे राहिला होतात ना?"

"गेल्या वर्षीचं मला आठवत नाही."

"आणि तो मग? दोन झाले आता."

"जोडी झाली," मी म्हटलं.

आज आमच्याकडे असे अकरा मग आहेत. रेव्हरंड ओशिनोवो दर बुधवारी माझ्याकडे चहा प्यायला येतात आणि मगावरचं नाव भिंतीकडे वळवून पितात.

पण खरी गंमत कार्डाच्या शेवटच्या ओळीत झाली. सभासद होण्याची इच्छा? 'नाही' लिहायला संकोच वाटला, नुकताच भात खाल्ला होता. 'हो' लिहिणं शक्य नव्हतं. म्हणून मी मोठ्या हुशारीनं लिहिलं, 'विचार चालू आहे.' मला वाटलं, सुटलो. स्वागत विभागाचा नियम मला कुठं माहीत होता? 'हो' लिहिणाऱ्याचं नाव दुसऱ्या विभागाकडे जातं. 'नाही' लिहिणाऱ्याला पुन्हा त्रास द्यायचा नाही. आणि ज्याचा विचार चालू आहे त्याला, विचार संपेपर्यंत, दर शनिवारी फोन करायचा.

शनिवारी दुपारी चार वाजता फोन वाजला. "ब्रदर लान्रे? मी अपार कृपामधून ममा एबुन. विचार कुठवर आला?"

पहिली दोन वर्षं मी त्यांना टाळण्याचे सगळे प्रकार केले. झोपलोय, बाहेर आहे, जनरेटरचा आवाज आहे. ममा म्हणायच्या, "जनरेटर बंद करून या, मी थांबते." आणि थांबायच्या! तिसऱ्या वर्षी मी त्यांना म्हटलं, "उद्या माझी शास्त्रवाचनाची पाळी आहे, मला तयारी करायची आहे." "हो का? मग मला वाचून दाखवा." मी वाचलं. "फार घाईनं वाचता हो, ब्रदर. देव कुठं गाडी पकडायला चाललाय?" तेव्हापासून गेली आठ वर्षं आमच्या अँग्लिकन चर्चमधलं माझं प्रत्येक वाचन आदल्या दिवशी या तुमच्या पंथाच्या, पेन्टेकॉस्टल बाईंनी तपासलेलं आहे. रेव्हरंड, हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळतंय. क्षमा असावी.

मधे पास्टर दामींनी सगळ्या याद्या संगणकावर घेतल्या. त्यांना एकच नाव पुन्हा पुन्हा दिसलं. चूक समजून त्यांनी बाकीची पुसली. त्यांची काय चूक? एकच माणूस इतक्या वेळा पहिल्यांदा कसा येईल? ममांनी त्यांना बोलावून सगळी पुन्हा घालायला लावली. "त्यानं लिहिलंय ना पहिल्यांदा आलो? मग तो पहिल्यांदाच आला."

आता एक गोष्ट सांगतो, ती हसण्याची नाही. मोरेनिकेची परवानगी घेतली आहे.

या मोठ्या चर्चबद्दल माझं म्हणणं साधं होतं, आणि ते मी ममांना फोनवर वर्षानुवर्षं ऐकवलं. आमच्याकडे चौऱ्याऐंशी माणसं आहेत. मी तिथला वॉर्डन, म्हणजे चर्चची व्यवस्था बघणारा. तीस वर्षं दर रविवारी मागं उभा राहून डोकी मोजतो आणि वहीत लिहितो. कोण आलं नाही हे मला लगेच कळतं. तुमच्या चाळीस हजारांत एखादा मेला तरी कोणाला कळेल का?

हेच मी एकदा घरी बोललो, जेवताना. मोरेनिकेनं हातातला घास ताटात ठेवला. म्हणाली, "तुमच्या त्या चौऱ्याऐंशी माणसांपैकी त्र्याऐंशी जणांनी माझ्या पोटाकडे बघितलंय. दर रविवारी. वीस वर्षं. प्रेमानंच बघायचे. 'मोरेनिके, काही बातमी?' 'मोरेनिके, आम्ही प्रार्थना करतोय हं.' मला ओळखत नाहीत अशा माणसांत जाऊन बसायचं होतं हो. चारशे बारा पावलांच्या खोलीत मी पोटभर रडले आणि कोणी विचारलं नाही. तुम्हाला त्याचा विमानतळ वाटतो. मला तिथं श्वास घेता आला."

त्या वीस वर्षांत दर रविवारी माणसं मोजणाऱ्या मला हे कधी दिसलं नव्हतं. चौऱ्याऐंशीवं डोकं माझ्याच बायकोचं होतं, ते मी पाहिलंच नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

पण माझाही राग खोटा नव्हता, आणि अध्यक्षमहाराज, तो मी तुमच्याच व्यासपीठावरून, तुमचाच भात खाऊन सांगतो. याच व्यासपीठावरून एका पाहुण्या उपदेशकानं हजारो बायकांना सांगितलं होतं, 'पुढच्या वर्षी या वेळी तुमच्या कडेवर मूल असेल.' मोरेनिके त्या दिवशी नाचत घरी आली. पुढचं वर्ष आलं. त्याच्या पुढचंही आलं. मग एका शनिवारी फोन वाजला आणि मी ममांना तोंडाला येईल ते बोललो. असलं वचन देणाऱ्याची जीभ कशी झडत नाही, इथपर्यंत बोललो.

पलीकडून नेहमीचे आवाज येत होते. मागं कुठंतरी अजान चालू होती, आणि सुताराची करवत.

मग ममा म्हणाल्या, "ब्रदर, तसलं वचन मीही घेतलं होतं. माझ्या नवऱ्याच्या दुखण्यात. तो गेला."

"मग तुम्ही या चर्चमध्ये राहिलात कशा?"

"तो गेल्यानंतरच्या रविवारी मी भांडायला म्हणून आले होते. खुर्चीत बसले आणि उठताच येईना. शेजारच्या बाईनं हात धरला. उपासना संपली, माणसं निघाली, झाडूवाले आले, तरी ती हात सोडेना. तिचं नाव मी विचारलं नाही. पुन्हा ती कधी दिसली नाही. म्हणून मी स्वागत विभागात नाव दिलं. म्हटलं, दारात उभी राहिले तर एक दिवस सापडेल."

सव्वीस वर्षं ममा त्या दारात का उभ्या होत्या, हे आजवर किती जणांना माहीत होतं? मोरेनिकेला मी त्या दिवशी विचारलं, "इतकं होऊनही तू जातेस ते कशासाठी?" ती म्हणाली, "मूल मागायला जात नाही आता. गायला जाते." एवढं बोलून ती भेंडी चिरायला लागली.

आता गेल्या वर्षीच्या मार्च महिन्याकडे येतो. पास्टर दामी घड्याळाकडे बघतायत, मला दिसतंय. थोडा धीर धरा.

एका शनिवारी चार वाजले आणि फोन वाजला नाही.

मी म्हटलं, बरं झालं. साडेचारला फोन उचलून आवाज चालू आहे ना ते बघितलं. पाचला पुन्हा बघितलं. मोरेनिके म्हणाली, "कोणाच्या फोनची वाट बघताय?"

"कोणाच्या नाही."

"मग तो फोन पोळीसारखा उलटापालटा का करताय?"

मी उलटा फोन लावला. बंद. दुसऱ्या शनिवारीही तेच. रविवारी मी आमच्याकडची डोकी मोजली आणि तडक इथं आलो. वार्षिक दिवस नसताना आलो, हे लक्षात घ्या. मोरेनिके आणि मी विभागाविभागांत विचारत फिरलो. स्वागत विभागाला वाटत होतं, ममा महिला मेळाव्याच्या तयारीत आहेत. महिला विभागाला वाटत होतं, त्या भावाकडे इलेशाला गेल्यात. पास्टर दामींना वाटत होतं, रजेवर आहेत. कोणीही खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की त्या दुसऱ्या कोणाकडे तरी आहेत. आणि ममांचा पत्ता? या चर्चच्या संगणकावर हजारो पत्ते आहेत. त्यांचा नव्हता. सगळ्यांची कार्डं ज्या बाईनं भरून घेतली, तिचं कार्ड कोणी भरलंच नव्हतं!

मोरेनिके माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, आता मी म्हणणार, 'बघ, मी म्हणत नव्हतो?' खरं सांगतो, ते मनातही आलं नाही. पत्ताच नाही, तर जायचं कुठं?

पण मी भूमापक आहे. मला ममांचं घर माहीत नव्हतं, पण दहा वर्षं त्या घराचे आवाज माहीत होते. शहरातल्या एग्बेडा भागात राहतात, हे एकदा बोलण्यात आलं होतं. चार वाजता अजान अगदी खिडकीत असल्यासारखी, म्हणजे मशिदीला लागून. डाव्या अंगाला करवत, म्हणजे सुतारखाना. खाली शिवणयंत्र. आणि फोन करताना थोडी धाप, म्हणजे नुकता जिना चढलेला. मी आणि मोरेनिके एग्बेडातल्या मशिदी शोधत निघालो. तिसऱ्या मशिदीशेजारी करवत ऐकू आली. गंमत बघा, रविवारीही चालू होती, आणि त्या सुताराबद्दल मला इतकं प्रेम आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पिवळी इमारत, तिसरा मजला. खालच्या शिवणकाम करणाऱ्या अल्हाजा, म्हणजे हजला जाऊन आलेल्या बाई, दारातच म्हणाल्या, "चर्चवाले का? आलात एकदाचे. तुमच्या ममा जिन्यावरून घसरल्या, घोट्याचं हाड मोडलंय. दीड आठवडा मी जेवण पोचवतेय. माझा फोन घ्या म्हटलं तर घेत नाहीत."

वर ममा खुर्चीत बसल्या होत्या, प्लॅस्टर घातलेला पाय स्टुलावर. मला बघून म्हणाल्या काय, तर, "दोन शनिवार लागले तुम्हाला?"

मी म्हटलं, "ममा, अल्हाजांच्या फोनवरून एक फोन करता येत नव्हता?"

"माझा फोन जिन्यात माझ्या आधी खाली पोचला, त्याचे तुकडे झाले. आणि दुसऱ्याच्या फोनवरून काय सांगू? 'मी पडले, बघायला या'? माझं काम विचारायचं आहे, ब्रदर. सांगायचं मला जमत नाही." आणि मग आवाज एकदम बारीक झाला. "त्या दोन रविवारच्या नव्या लोकांना कोणी फोन केला का हो?"

मोरेनिकेनं पर्समधून एक कोरं कार्ड काढलं. खुर्चीशेजारी गुडघे टेकून बसली आणि भरायला लागली. नाव, एबुन अडेकान्बी. पत्ता, हा. "कोणी आणलं?" मोरेनिकेनं विचारलं. ममा म्हणाल्या, "लिही, पायरीनं." आम्ही तिघंही हसलो, आणि हसता हसता ममा ज्या रडायला लागल्या त्या थांबेचनात. मोरेनिकेनं त्यांचा हात धरला होता. अंधार पडला, अल्हाजा दिवा घेऊन वर आल्या, तरी तिनं सोडला नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण तुमच्यापैकी निम्मे तिथं होते. आमच्या चौऱ्याऐंशींनी दुसऱ्याच दिवशी वेळापत्रक केलं, सोमवारी कोणाचं सूप, मंगळवारी कोणाचं. आणि अपार कृपामधून दोन बस भरून माणसं आली! जिन्याची एक पायरी रिकामी नाही. घरमालक खालून ओरडतोय, पास्टर दामी डोक्यावर स्टुलं घेऊन चढतायत, आणि स्वयंपाकघरात आमच्या मिसेस फालोपे आणि तुमच्या सिस्टर इयाबो एकाच चुलीवरून भांडतायत.

"तुमच्या अँग्लिकन सूपात मिरची कुठाय?"

"आमच्याकडे प्रार्थना हळू आवाजात करतात, सूपही तसंच असतं."

अल्हाजांनी शेवटी दोघींना बाहेर काढलं आणि स्वतःचं सूप चढवलं. ते सगळ्यांनी खाल्लं आणि त्यावर मतभेद झाले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी मी माझ्या चर्चमध्ये नेहमीसारखा मागं उभा राहून डोकी मोजत होतो. चौऱ्याऐंशी. वहीत लिहायला गेलो आणि हात थांबला. मी उपासनेनंतर रेव्हरंडांना म्हटलं, "तीस वर्षं मी आकडा चुकीचा लिहितोय. मी मला धरलंच नाही." रेव्हरंड म्हणाले, "मला माहीत होतं. मी दर रविवारी एक मिळवून घेतो." तेव्हा मला कळलं की ममांनी आणि मी एकच चूक केली होती, त्यांनी चाळीस हजारांत आणि मी चौऱ्याऐंशींत. चर्च किती मोठं, यावर मी तावातावानं भांडत होतो. दोघांनाही दुसऱ्या कोणीतरी मोजायला हवं होतं, एवढंच.

आता ममा आपल्याला सोडून इलेशाला भावाकडे चालल्या आहेत. तिथल्या चर्चमध्ये पत्र्याखाली चाळीस माणसं बसतात. चाळीस हजार नाही, नुसती चाळीस. गेल्या शनिवारी फोनवर म्हणाल्या, "ब्रदर, सव्वीस वर्षं दारात उभी राहिले. आत जाऊन बसायचं कसं, तेच विसरले. सगळे माझ्याकडे बघतील. मला भीती वाटते हो." दोन बसभर माणसांना स्टुलं कमी पडली म्हणून रागावणारी ही बाई, तिला भीती वाटते! 

मघाशी कार्यक्रमाच्या सुरुवातीला पास्टर दामींनी रीतीप्रमाणे विचारलं, आज पहिल्यांदा कोण आलं आहे? सगळं सभागृह माझ्याकडे वळून हसायला लागलं. मोरेनिकेनं खूण केली, उठा, तुमची वेळ झाली. मी उठलो नाही. ममांनी माझ्याकडे बघितलं, ते तुम्ही पाहिलं असेल.

मी आजही अँग्लिकन आहे, रेव्हरंड, घाबरू नका. उद्या सकाळी साडेसातला पंच्याऐंशी मोजायला हजर आहे. पण बारावं कार्ड मी भरलं आहे. शेवटच्या ओळीत लिहिलंय, 'विचार संपला. मला फोन करणाऱ्यांत घ्या.' पास्टर दामी म्हणाले, नियमाप्रमाणे फोन करायला सभासद असावं लागतं. मग त्यांनी अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी ममांकडे बघितलं, आणि नियम बदलला. माझ्या यादीत एकच नाव आहे.

तेव्हा ममा, अनुभवी नवागत म्हणून दोन शब्द सांगतो. इलेशाला गेल्यावर मागून तिसऱ्या ओळीत बसा, तिथून दार दिसतं. विचारतील तेव्हा उभ्या राहा. गाणं संपेपर्यंत कुठं बघायचं हा प्रश्न पडेल, पंख्याकडे बघा. भात देतील तो घ्या, तुमच्या मंडपातल्यासारखा नसेल, तरी चांगला म्हणा. आणि कार्ड आलं की शेवटच्या ओळीत 'विचार चालू आहे' असं लिहू नका. त्यात अकरा वर्षं जातात.

अध्यक्षमहाराज, मला बोलायला दहा मिनिटं दिली होती, मी ती केव्हाच ओलांडली. पाहुणा असून घरच्यासारखा बोललो, पाहुण्या उपदेशकाला बोल लावला, माझ्या पाळकांचं गुपित फोडलं. त्यातलं जे लागलं असेल ते म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. स्वयंपाक करणाऱ्यांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे, अल्हाजा आज खास दुकान बंद करून आल्या त्यांचे, आणि मला अकरा वेळा पहिल्यांदा येऊ दिलंत म्हणून तुम्हा सर्वांचे मनापासून आभार.

ममा, शनिवारी चार वाजता फोन वाजेल. जनरेटर चालू असला तर बंद करून या. मी थांबतो.